लॉकची जागा

आमच्या घरात कॉम्प्युटरसाठी जी जागा मंजूर झाली, ती लोणच्याच्या बरणीशेजारची होती. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत भिंतीतच केलेलं एक कपाट होतं, शहाबादी फरशीचे चार खण असलेलं. वरच्या खणात देव. त्याखाली वडिलांची, म्हणजे अण्णांची औषधं, रेडिओ आणि माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं, जी देवांपेक्षाही कमी हलवली जायची. तिसऱ्या खणात आईची लोणच्याची बरणी, आमटीला लावायच्या भाजक्या पिठाचा, म्हणजे येसराचा डबा, शेंगदाण्याची चटणी. आणि तळाला ज्वारीच्या पिठाचा पिंप. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटल्यावर आईनं भाकरी थापता थापताच निकाल दिला की देव सरकणार नाहीत, पीठ सरकणार नाही, फार तर लोणचं थोडं सरकेल. म्हणजे तिसऱ्या खणाचा अर्धा भाग. माझ्या वितीनं मोजला तर दीड वीत रुंद, दीड वीत खोल, आणि वर जेमतेम एक वीत. जगात लोक लहानसा कॉम्प्युटर बांधतात तो टेबलावर शोभावा म्हणून. मी त्या विद्येत शिरलो तो कैरीच्या लोणच्यामुळे.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो, म्हणजे निदान जात होतो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी मनीषाताई मात्र खरंच काहीतरी करत होती. ती बाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रकं, वाढदिवसाचे फलक, आणि पेरणीच्या आधी बियाण्यांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं. बियाण्याच्या पिशवीतून घडी केलेलं जे गुळगुळीत चिटोरं निघतं, दोन ओळींत किती अंतर ठेवा, पाणी कधी द्या, असं सांगणारं, ते. कीबोर्डकडे न बघता ती अशी टायपायची की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. त्या वर्षी तिच्या मालकानं दुकान बंद करून पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं. जाताना त्यानं तिला दोन गोष्टी दिल्या: आपलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, आणि एका बियाण्याच्या कंपनीतल्या साहेबांची ओळख. साहेबांनी सांगितलं, बाई, तुमचं स्वतःचं मशीन असलं तर या खरिपाची पत्रकं तुम्हालाच देतो, नाहीतर दरवर्षीसारखी औरंगाबादला जातील. ताईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती चपलासुद्धा न काढता उंबऱ्यातच उभी होती. त्या रात्री आईनं येसराच्या आमटीत तेल जरा सैल हातानं सोडलं. आमच्याकडे आनंद असा मोजायचा असतो.

पैसे बहुतेक ताईचेच होते. माझा वाटा म्हणजे अक्कल, असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि कुणी हसलं नाही ह्याचं मला कौतुक वाटलं. माझी अट एकच होती. मला विंडोजऐवजी लिनक्स पाहिजे होतं. का पाहिजे होतं हे आज नीट सांगता येत नाही. वर्गातल्या दोघा-तिघांकडे होतं आणि ते काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टायपून गंभीर चेहरा करायचे, मला तो चेहरा पाहिजे होता. ताईला विंडोजच लागणार होतं, कारण प्रेसवाल्यांना चालणारे मराठी फाँट तिथंच चालायचे. तेव्हा मी जाहीर केलं की एकाच यंत्रात दोन्ही बसवू. चालू केलं की पडद्यावर दोन नावं येतील, ज्याला जे पाहिजे ते त्यानं निवडायचं.

अण्णा तेव्हा एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लांटच्या गोडाऊनवर होते. औषध लावलेल्या बियाण्याचा गुलाबी रंग त्यांच्या नखांत आणि शर्टाच्या कॉलरवर कायम असायचा, रंगपंचमी जशी त्यांच्यापुरती बारा महिने. कुंभार पिंपळगावची आमची चार एकर जमीन त्यांनी बटईनं दिली होती, पण जीव तिथंच अडकलेला. एका डिस्कवर दोन सिस्टिम कशा राहतात, असं त्यांनी विचारलं आणि मी चुकून म्हणालो, डिस्कचे वाटे करायचे. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. वाटणी हा विषय निघाला की ते असंच करायचे.

"मोजणीदार कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मीच.

"मोजणीदारच वारसदार असंल तर मंग झालंच की," अण्णा म्हणाले. "किती घेऊन राह्यला तू?"

मी तीन हिस्से स्वतःला आणि एक ताईला असं मनात धरलं होतं. टायपिंगला जागा ती कितीशी लागते, असं माझं शास्त्र. पण अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "बराबर निम्मं," ते म्हणाले. "आन् तिची कशावर सही घ्यायची न्हाई." जमिनीवरचा हक्क सोडायला आमच्या आत्यांच्या सह्या कशा आणि कुठे घेतल्या गेल्या होत्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे आई खाली बघून हसली आणि ताईनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. मग मी सांगितलं की मध्ये एक वाटा दोघांचा ठेवता येतो, तिथल्या फायली दोन्हीकडून दिसतात. अण्णांना हे फार पटलं. "म्हणजी सामाईक विहीर," ते म्हणाले, आणि घास उचलला. नंतर कित्येक वर्षं त्या वाट्याचं नाव आमच्या मशीनवर 'विहीर' असंच होतं. आताही माझ्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर त्या नावाचं एक फोल्डर आहे आणि हाताखालची पोरं समजतात की हा काहीतरी सांकेतिक शब्द आहे.

आता सुटे भाग. स्टेशन रोडला रफिकभाईंचं दुकान होतं, पुढे मोबाइलची कव्हरं आणि मागे खरा माल. पंधरवडाभर मी तिथं रोज जाऊन बसायचो. कॉलेजच्या बसपेक्षा त्या दुकानाच्या स्टुलावर माझी हजेरी जास्त पक्की होती. त्या दिवसांचा आनंद मला पुढे नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. सकाळी उठलं की पहिला विचार मेमरीचा. आई नाश्त्याला कुरमुऱ्यांचा सुशीला परतत असायची, मिरचीची फोडणी चुरचुरायची, बाहेर मालगाडीचे डबे धडाधड जोडले जायचे, आणि मी पाटावर बसून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक भाग खोडून दुसरा लिहायचो. प्रोसेसर मदरबोर्डालाच चिकटवलेला मिळतो, तो घ्यायचा, स्वस्त पडतो आणि जागा खात नाही. डिस्क लॅपटॉपची, चपटी. वीज देणारा भलामोठा डबा नको, लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंखा नको. कारण शेजारी येसर आणि खाली पीठ. पंखा लावला असता तर महिन्याभरात आतून धपाटे निघाले असते. रफिकभाईंना मी हे कारण सांगितलं तेव्हा त्यांनी काउंटरवर डोकं टेकवलं. "इंजिनेर," ते म्हणाले, "मशीन भी छोटा, बजट भी छोटा, और नखरा देखो तुम्हारा."

शेवटी दोन बोर्ड उरले. दोन्ही सारख्याच मापाचे, सारख्याच वेगाचे. एकाच्या मागच्या बाजूला लांबलचक गुलाबी खाच होती, जुन्या प्रिंटरची जाडी केबल लागायची तशी, दोन ओळींत भोकं असलेली. दुसऱ्याला तिथं ती नव्हती. त्याऐवजी यूएसबीची दोन भोकं जास्त होती आणि एकूण चेहरामोहरा कसा नवा, तरतरीत. गुलाबी खाचेचा बोर्ड मला म्हातारा वाटला. रफिकभाईंनी विचारलं, पीछे क्या-क्या लगाना है, सोच लिया क्या बराबर? मी मोठ्या रुबाबात म्हणालो, भाई, आजकाल मागं कोण काय लावतं. आणि तरतरीत बोर्ड घेतला.

बोर्ड, डिस्क, मेमरी, अडॅप्टर घरी आले आणि मग कळलं की एवढ्याशा बोर्डाला लागणारा एवढासा डबा फार महाग असतो, आणि तो जालन्यात मिळतही नाही. तेव्हा मला भगवानमामा आठवले. आईचे धाकटे भाऊ. एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होते, टेम्पोच्या बॉड्या आणि दुकानांची शटरं बनवायचे. लोखंडाशिवाय दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, प्लॅस्टिक ही कंपनीवाल्यांनी काढलेली अफवा आहे. मी मोटरसायकलवर त्यांच्या शेडला निघालो तेव्हा ताईनं दारातून हाक मारली. तिच्या हाताला पीठ होतं, कामाचं बोलून तिनं दार लावून घेतलं, आणि तेवढ्या एका वाक्यावर पुढचं सगळं घडलं.

"गजू, लॉकला जागा ठेवजो बरं. लॉक लागलं न्हाई तर माझं सगळं काम बेकार."

मी म्हणालो, ठेवतो. मला ते अगदी रास्त वाटलं. घरात पाहुण्यांची पोरं यायची, कंपनीची कागदपत्रं आत असणार. मी मामांना सांगितलं, मामा, ताई म्हणून राह्यली लॉकला जागा पाहिजे. शेजारच्या रोलिंग मिलच्या धडधडाटात मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मामा खूश झाले. संगणकाविषयी कुणी त्यांना समजेल असं पहिल्यांदाच काहीतरी बोललं होतं.

तीन दिवसांनी डबा आला. आला म्हणजे टेम्पोतून आला आणि दोघांनी धरून उतरवला. मामांनी टेम्पोच्या तळाला घालतात तो ठिपक्याठिपक्यांचा जाड पत्रा वापरला होता, का तर पातळ पत्रा दचका सहन करत नाही. लोणच्याशेजारी कसला दचका बसणार होता, मला विचारू नका. हवा खेळायला एका बाजूला भोकं पाडली होती, ती सरळ रांगेत न पाडता 'श्री' अक्षराच्या आकारात. रंग टेम्पोचाच, निळा. मागे वायरींपुरती भोकं आणि पिवळ्या अक्षरांत 'मामाकृपा'. आणि पुढच्या दारावर त्यांचं सगळ्यात कौतुकाचं काम: टेम्पोच्या फाळक्याला असते तशी भक्कम कडी, दारात चांगली दोन बोटं रुंद खाच कापून तिच्यातून बाहेर काढलेला कोयंडा, दोन बोल्टांनी आतून आवळलेला. तिजोरीवाल्याला लाज वाटावी असा. दीड वीत बाय दीड वीत, खणात बरोबर बसला. शहाबादी फरशी होती म्हणून टिकली. लाकडी फळी असती तर कॉम्प्युटर, लोणचं आणि पीठ एकत्रच खाली भेटले असते. मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन एक कुलूप घेऊन आलो, पितळी, तीन किल्ल्यांचं. ताईला ते आयत्या वेळी दाखवायचं ठरवलं. मला अशा सरप्राइजची फार हौस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कंपनीत गेली आणि मक्याच्या पत्रकाचा मजकूर घेऊन आली. साहेबांनी सांगितलं होतं, उद्या दुपारच्या सुट्टीआधी छापायच्या तयारीचं पान टेबलावर पाहिजे, दुपारी आमची गाडी औरंगाबादला जाते, पान आलं नाही तर हाच कागद गाडीत टाकतो. ताईनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या खणात ठेवला होता. मी दिवसभर दोन्ही सिस्टिम बसवल्या. अण्णांच्या वाटणीप्रमाणे, विहिरीसकट. यादीत पहिलं नाव मात्र माझंच ठेवलं. कुणी काही निवडलं नाही तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप लिनक्समध्ये जाईल असं. सख्ख्या बहिणीशी मी एवढाच कपटी होतो.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला सगळे हजर होते. सकाळची वेळ, अण्णा अंघोळ करून ड्यूटीला निघायच्या बेतात, मामा मुद्दाम शेडवर उशिरा जाणार म्हणून सांगून आलेले. आईनं त्या निळ्या डब्याला हळदकुंकू लावलं, ते ठिपक्यांच्या पत्र्यावर छान बसलं. मॉनिटर आणि कीबोर्ड खणासमोर पाटावर मांडले होते, मी बटण दाबलं. पंखा नसल्यानं काहीच आवाज झाला नाही आणि सगळ्यांना वाटलं बिघडलं. मग पडद्यावर दोन नावं उमटली, 'गजू' आणि 'ताई', आणि अण्णांनी चष्मा पुसून जवळ येऊन ती वाचली. सातबाऱ्यावर पोरांची नावं चढल्यासारखे ते बघत होते. ताईनं खालचा बाण दाबला, स्वतःचं नाव निवडलं. तिचं विंडोज उघडलं. मामांनी मांडीवर थाप मारली. मला आजही तो क्षण आठवला की गुदगुल्या होतात. माझ्या हातानं निवडलेला एकेक भाग तिथं एकमेकांशी बोलत होता आणि कुणाचंच भांडण नव्हतं.

ताईनं तिचं सॉफ्टवेअर टाकलं, चालू केलं. पडद्यावर चौकट आली: लॉक सापडलं नाही. ताई म्हणाली, हां, आता लावते. मी म्हणालो, थांब. आणि खिशातून पितळी कुलूप काढून कोयंड्यात घालून खटकन लावलं. तिन्ही किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

ताईनं किल्ल्यांकडे बघितलं. कुलपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग तिनं पर्स उघडली आणि रबरबँड लावलेली एक चपटी वस्तू काढली, काड्यापेटीएवढी, राखाडी, एका टोकाला दोन ओळींत पिना असलेली.

"गजू," ती म्हणाली, "हे लॉक."

डीटीपीवाल्यांच्या जगात लॉक म्हणजे ती वस्तू, हे मला त्या दिवशी कळलं. सॉफ्टवेअर चोरून वापरता येऊ नये म्हणून कंपनी सोबत देते. मशीनच्या मागं खोचलं तरच अक्षर उमटतं, नाहीतर नाही. बाजारातल्या प्रत्येक टायपिंगवाल्या पोरीला हे माहीत होतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मला तेवढं माहीत नव्हतं, कारण मी काळ्या पडद्यावर गंभीर चेहरा करण्यात गुंतलो होतो. आणि ती वस्तू ज्या खाचेत बसते ती खाच म्हणजे तीच गुलाबी, जी म्हातारी म्हणून मी रफिकभाईंच्या काउंटरवर सोडून आलो होतो. मी डब्याची मागची बाजू तपासली. वायरी सोडल्या तर तिथं फक्त मामाकृपा होती.

मामांनी कुलपाला हात लावून बघितला, हालतं का, आणि हालत नाही म्हणून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. ताईनं देवांच्या खणातली पिशवी काढली. "साहेबाला कागद वापस देऊन येते," ती शांतपणे म्हणाली. "उगा त्यांची गाडी चुकायची." ती चप्पल घालायला लागली. ती रडली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. पण ती नुसती चप्पल घालत होती, आणि तिचा अंगठा चपलेच्या अंगठ्यात जात नव्हता. दोनदा चुकला.

अण्णा दाराच्या मध्ये उभे राहिले. "थांब जरा," ते म्हणाले. "मोजणीदाराला विचारू."

मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि डोकं आत घातलं. ताई पिशवी धरूनच माझ्या खांद्यावरून वाकली. तिनं विचारलं, ह्याच्या पोटात कुठं तसं भोक न्हाई का. भोक नव्हतं. पण बोर्डाच्या कडेला उघड्या पिनांच्या दोन ओळी होत्या, ज्यांच्यावर काहीच बसत नव्हतं. बसवताना मला त्या फालतू वाटल्या होत्या. खरं सांगायचं तर एका पिनेला मी मोटरसायकलची किल्ली अडकवून बघितली होती. शेजारी बारीक अक्षरांत तीन अक्षरं छापलेली: एलपीटी. आता ही तीन अक्षरं मात्र मला ठाऊक होती. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जुन्या मशीनवर ती असायची, आणि तिथून एक चपटी पट्टीसारखी केबल निघून मागच्या गुलाबी खाचेला जायची. म्हणजे बोर्ड म्हातारा नव्हता, पण म्हातारपणाची सोय आत करून ठेवलेली होती. फक्त ती केबल पाहिजे.

रफिकभाईंना फोन केला. ते म्हणाले, वो पट्टा अब कौन रखता है, पाच सालसे नहीं देखा. मामांना मात्र 'जुनं' हा शब्द ऐकू आला. जुनं जे काही असतं ते जालन्यात कुठं येतं, हे एमआयडीसीत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सगळ्या मुलखाचं भंगार आमच्या गावात येऊन भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. मामा म्हणाले, "बस मागं." मी बसलो. ओळखीच्या एका भंगाराच्या आवारात आम्ही गेलो, तिथं सायकली, कूलर, बैलगाडीच्या धावा, आणि एका कोपऱ्यात कुठल्याशा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर ढीग करून टाकलेले. मामा एकेक डबा खाटखाट उघडत होते आणि मी आत हात घालत होतो. एकात पालीची अंडी निघाली, एकात अर्धी बिडी. मला त्या ढिगावर उभं राहून जे वाटत होतं त्याला भीती म्हणावं की मजा, मला सांगता येणार नाही. मागं कुठंतरी सुट्टीचा भोंगा व्हायची वेळ जवळ येत होती, आणि तरीही एकेक डबा उघडताना मला जत्रेतल्या चिठ्ठ्या काढल्यासारखं होत होतं. पट्टा मिळाला तो सगळ्यात घाणेरड्या डब्यात. राखाडी, एका टोकाला गुलाबी खाच, दुसऱ्या टोकाला पिनांवर बसणारं काळं तोंड. आवारवाल्यानं त्याचं वजन करायला काटा आणला तर काटा हललाच नाही. त्यानं वैतागून हात झटकला, न्या म्हणाला.

घरी आल्यावर पट्टा पिनांवर बसला. मग दुसरा प्रश्न. गुलाबी खाच डब्याबाहेर काढायची कुठून? टेम्पोच्या तळाचा पत्रा. गॅसनं कापायचा तर आतला सगळा संसार जळणार, आणि ड्रिलचा कीस बोर्डावर पडणार. घड्याळाकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती. मामा डब्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी स्वतःच्याच कामाकडे बघितलं. मग खिशातून पान्हा काढला आणि तो कोयंडा, तो तिजोरीवाल्याला लाजवणारा कोयंडा, दोन्ही बोल्ट सोडवून काढून घेतला. दारात दोन बोटं रुंद खाच मोकळी झाली. गुलाबी तोंड तिथं धरून बघितलं. थोडंसं अडत होतं, बोर्डावर ताईची जुनी ओढणी झाकून मामांनी चार हात कानस मारली, आणि ते बसलं. असं बसलं की ते त्याच्यासाठीच कापलं होतं असं कुणालाही वाटावं.

ताईनं लॉक खोचलं. चौकट आली नाही. पांढरं पान उघडलं आणि तिनं पिशवीतला कागद काढून गुडघ्यावर ठेवला. गारा पडायला लागल्या. आईनं तव्यावरचं धपाटं उलटायचं थांबवलं आणि त्याचा करपल्याचा वास आला तरी कुणी तिकडे बघितलं नाही. अण्णांची ड्यूटी बुडाली होती. ते उभ्यानंच पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत होते, मक्याच्या दोन ओळींतलं अंतर, दोन रोपांतलं अंतर, जणू हे सगळं ते पहिल्यांदाच ऐकत होते. पान विहिरीत टाकलं, तिथून पेन ड्राइव्हवर. मी ताईला मोटरसायकलवर घेऊन गेलो. कंपनीच्या दारात गाडीचं इंजिन चालू होतं आणि साहेब जेवणाच्या डब्याचं झाकण उघडत होते. त्यांनी पान लॅपटॉपवर बघितलं, एक वेलांटी दाखवली, ताईनं घरी जाऊन ती दुरुस्त करून आणते म्हटलं, आणि ते म्हणाले, राहू द्या, जेवून घ्या आधी, सोयाबीनचंही तुमच्याकडेच देतो.

घरी येऊन मी पहिलं काम कुणाला न सांगता केलं. यादीत ताईचं नाव वर घेतलं. पुढं वर्षानुवर्षं मला लिनक्समध्ये जायचं असलं की बाण दाबावा लागायचा, आणि चहा आणायला उठलो की मशीन तिच्या घरात शिरलेलं असायचं. माझी मुलगी आता विचारते, बाबा, तुमचा पहिला कॉम्प्युटर कुठला, तर मी तिला तो निळा डबा दाखवतो. आईच्या घरी तो अजून आहे. आत काही नाही. त्यावर लोणच्याची नवी बरणी ठेवलेली असते, आणि कैरी दाबायला वजन लागलं की सगळ्यांना आधी तोच आठवतो.

तीन खरीप त्या खणात काढल्यावर ताईनं बाजारात स्वतःचा गाळा घेतला. शटर अर्थातच मामांनी केलं. उद्घाटनाच्या दिवशी मी बघितलं तर शटरच्या खाली ओळखीचा कोयंडा वेल्ड केलेला होता, निळ्या रंगाचा थोडा पापुद्रा अजून त्याच्यावर होता. मामांनी तो इतके दिवस शेडमध्ये जपून ठेवला होता. आईनं पर्समधून माझं पितळी कुलूप काढलं, तिन्ही किल्ल्यांसकट. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ताईनं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि एक किल्ली मला दिली. मी काहीतरी बोलायच्या बेतात होतो, पण मामा आधी बोलले.

"लॉक बी व्हतं, जागा बी व्हती," ते म्हणाले. "दुकानच तेवढं उशिरा आलं."